पायाळू

मे १९७३

तीर्थरूप अव्वा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. वैनी, तिला हे हळू वाचून दाखव.

मी बरी आहे. दुष्काळ आहे, पण टँकर येतो, भाकरी मिळते. तुझे गुडघे कसे आहेत?

सोमवारी इथल्या मुक्ताबाईचं बाळ पायाकडून आलं. अशी बाळंतीण डॉक्टरांकडे पाठवायची, नर्सनं हात घालायचा नाही, असा नियम आहे. पण एस.टी. निघून गेली होती. मग तू सुईणपण करताना सांगायचीस तेच मी केलं. ओढलं नाही, वाट बघितली. झोपेत कूस बदलावी तसं बाळ आपलं आपण उतरलं.

त्याची आजी म्हणाली, "पायाळू हाय की! ह्यो पानी दावणार बगा."

तेव्हापासून आळीतल्या बाया पाळण्यापाशी येतात आणि त्याचे तळवे बघत बसतात. दुपारी डोळा लागला की मलाही जमिनीखालून पाणी वाहिल्यागत ऐकू येतं.

डॉक्टर शनिवारी माझं बाळंतपणाचं रजिस्टर तपासतील. नोकरीची काळजी करू नकोस. फक्त त्यातला 'कोणाच्या आदेशावरून' हा रकाना अजून कोरा आहे.

अव्वा, तिथं तुझं नाव लिहू?

तुझीच लेक,
दाक्षायणी