देवाला काढलेला घास

मढ गावी वैजूताईला नाशकातून रत्नाचा नमस्कार.

माझं इथं कामाचं बरं चाललंय, काळजी करू नको. तुझी कंबर कशी हाये?

काल व्हिडिओवर माझी प्राची जेवायला बसली. आधी देवाचा घास बाजूला काढला, हात जोडले आन म्हणाली, "देवा, तू भात दिलास. मावशी, तू शिजवलास." लई गोड शिकवलंस तिला. फोन ठेवला आन मी जेवलेच न्हाई.

ताई, त्या भाताची आवणी मी केली व्हती, चिखलात एकेक रोप लावून, तिला बांधावर बसवून. हे तिला कोण सांगणार?

आता मीबी इथं घास काढते. देवाचं नाव लगेच तोंडात येतं. तुझं नाव यायला वेळ लागंल.

तुझी बहीण, आन प्राचीची आई,
रत्ना