भोपाळले निघालेलं चित्र

धरमपेठ, नागपूर
बुधवार, १३ मार्च १९६३

प्रिय प्रेमिला,

आणि वरून चित्रात पदर तरी धड रंगवायचा माझा! खाली नाव काय, तर ‘राजधानी गेल्यावर’. राजधानी गेली सरकारची, अन् चित्रात बसवली मी. पाच पाट भिंतीले टेकवलेले, सहाव्यापुढं वाढलेलं ताट, अन् मी हातात डाव घेऊन दाराकडं पाहून राहिली. आता हेच तू भोपाळच्या प्रदर्शनाले पाठवणार? काहून वं? इथल्या प्रदर्शनात त्या चष्मेवाल्या मास्तरानं विचारलं, ताट कोणासाठी, तर तू सगळ्यांदेखत फाडकन सांगितलं, आमच्या भाऊजींसाठी. काल नळावर शेजारची बायजाबाई मले म्हणते, आज मालकांले भाजी कोणती वाढली जी?

ताट माझं होतं, बाई. सगळ्यांचं आटोपल्यावर मी जेवायले बसणार, तेवढ्यात तू वही घेऊन आली. हलू नको म्हणाली, म्हणून भाकर निवेपर्यंत उभी राहिली.

तुमच्या त्या इथल्या प्रदर्शनात सगळं नागपूरच मेलेलं. एकानं फाडलेला नकाशा चिकटवला, एकानं कचेरीचं गंजलेलं कुलूप टांगलं. अगदीच खोटं नाही म्हणा. छप्पन साली सचिवालय उठलं तेव्हा माझ्या खानावळीतले एकोणीस बाबू महिन्याभरात गेले, कोणी मुंबईले, कोणी भोपाळले. तुझे भाऊजी तिथंच दफ्तरी, तेही फायलींच्या गठ्ठ्यांसंगं गेले. क्वार्टर भेटलं की नेतो म्हणाले. दोन वर्षं मी खरंच दाराकडं पाहिलं. तेव्हा हे चित्र काढलं असतं तर गप राहिली असती. आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, तिथून महाराष्ट्रात. माझी चूल जागची हलली नाही. आता कळमेश्वराकडची कॉलेजची पोरं येतात, छापखान्यातले येतात, दोन-दोन पंगती उठतात. पाट कमी पडून राहिले, अन् तू ते भिंतीले टेकवले!

तुले चित्र जमते, हे मले अडाणीलेही समजते. ते हात माझेच आहेत. म्हणूनच भेव वाटते.

लकडगंजचे गणपतराव दोन वर्षांमागं लाकडाच्या कामानं भोपाळले गेले होते. त्यांनी येऊन सांगितलं, मनोहररावाचं, हो, नवऱ्याचं नाव घेऊन लिहून राहिली, तिथं घर आहे. बाई आहे, लहान पोरगी आहे. आईपायी मी कोणाजवळ बोलली नाही. मागच्या महिन्यात त्याचं कार्ड आलं, अजून वाट पाहत असशील तर येतो. मी उत्तर दिलं नाही. तुझं चित्र तिथं लागलं की माझं उत्तर तूच देशील, अन् तो त्या पोरीले टाकून इथं येऊन उभा राहील. मले तो नको. त्या पोरीले बाप पाहिजे. त्या पाटांवर माणसं बसव, नाहीतर दुसरं काही पाठव. हे तोंडानं सांगताना मले रडू येईल, अन् तू त्याचंही चित्र काढशील, म्हणून कागद घेतला. चित्रांच्या पेट्या मंगळवारी गाडीत चढणार. तू काय पाठवणार, ते रविवारी दुपारपर्यंत मले कळलं पाहिजे.

तुझीच,
गोपिकाताई