इंजिनातली टिकटिक

उटनूर,
संक्रांतीनंतरचा रविवार, १९८६

प्रिय चंपत,

तुझं पत्र मिळालं. बाळाला दात येताहेत आणि तो कुणाला झोपू देत नाही, हे वाचून हसू आलं. त्याच्या वयाचा असताना तू सगळ्या आळीची झोप उडवली होतीस, आता भोग. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर दिवाळीपासून माझा जीव टांगणीला लागला आहे, आणि त्याचं कारण आपली गाडी आहे. तू निजामाबादला वर्कशॉपात रोज ट्रकची इंजिनं उघडतोस. तिथे बसून तू इथल्या गाडीचा रोग ओळखायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, तरीही मी जे ऐकलं ते नीट लिहिते. तू सावकाश वाच.

सकाळी गाडी सुरू झाली की टिकटिक येते. शिलाई मशीनमधलं तेल आटलं की येते ना, तशी कोरडी, बारीक आणि एकसारखी. इतकी वर्षं लोकांचे झंपर शिवते आहे, अशा आवाजाला माझा कान सरावलेला आहे. इंजिन तापल्यावर तरी थांबेल म्हणून मी भाकऱ्या टाकायच्या सोडून दारात उभी राहून ऐकलं, पण नाही थांबली. रेस वाढवली की टिकटिकही धावायला लागते, मात्र इंजिनाच्या धडधडीच्या निम्म्या चालीने. खालून येत नाही, वरच्या झाकणाच्या बाजूने येते. एवढं मला कळलं. आता तू म्हणशील, ताई मिस्त्री कधीपासून झाली? माणसाने ट्रकवाल्याशी संसार केला की भाजीच्या आधी इंजिन कळायला लागतं बाबा.

मी तुझ्या भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, “काई आवाज नाही येऊन राह्यला. तुह्या मशीनचाच आवाज तुह्या डोक्यात बसला.” मला राग आला, पण बोलले नाही, कारण इंजिनाच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे या उटनुरात कुणी बोलत नाही. तुला आठवतं ना? तू सुट्टीत यायचास तेव्हा हे जेवायला बसलेले असायचे आणि रस्त्यावरून ट्रक गेला की मान वर न करता सांगायचे, ही यशवंतरावाची गाडी, हिचा मागचा पट्टा ढिला झालाय. तू पैज लावून पळत बघायला जायचास आणि तोंड पाडून परत यायचास. तुला मिस्त्रीकामाचं वेड लागलं ते तिथूनच. मग अशा माणसाने आवाज नाही म्हटल्यावर मी माझ्याच कानांवर संशय घेतला.

पण पुढच्या फेरीला गाडी निर्मलच्या घाटात दमली. कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या, चढावर ओढच घेईना, काळा धूर ओकायला लागली. चाकांना दगड लावून उभी करावी लागली. घरी येऊन हे हसत सांगत होते, जणू लग्नातली फजिती सांगताहेत. तो घाट तू पाहिला आहेस. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काय आहे ते मी लिहीत नाही.

मग खुशालला बोलावलं. खुशाल म्हणजे तो नार्नूरचा, ह्यांच्या हाताखाली शिकला आणि आता बसस्टँडमागे त्याचं गॅरेज आहे. त्याने वॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटमधलं अंतर पातळ पट्टी घालून मोजलं, स्क्रू फिरवून जुळवलं, आणि टिकटिक बंद झाली. मी त्याला गुळाचा चहा पाजला, देवाला दिवा लावला. पण आठवडा जात नाही तो टिकटिक पुन्हा हजर. त्याने पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला खुशाल मला बाजूला घेऊन म्हणाला, “वैनी, जुळवलेलं टिकत नाही म्हणजे खाली काईतरी झिजून राह्यलं.” मी म्हटलं, मग ह्यांना सांग. तर मान खाली घालून म्हणतो, “हा आवाज आता स्टँडवरून ऐकू येते. उस्तादले म्या काय सांगाव?”

त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. तेव्हापासून बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या, ज्या आधीही समोरच होत्या. रेडिओ इतका मोठा लावतात की शेजारच्या रमाबाई विचारतात, तुमच्या घरी बातम्या आहेत की भांडण? मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ येत नाही. समोर गेले की लगेच हसून “बोल ना” म्हणतात. मी एखादी गोष्ट सांगत असले की डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघतात. आधी मला वाटलं, या वयात नवऱ्याला बायकोच्या ओठांचं कौतुक सुटलंय. हस तू. मीही तेव्हा मनातल्या मनात लाजले होते.

शेवटी खुशालने परवा इंजिन उघडलंच. मी डबा घेऊन गेले होते, ती तिथेच बसून राहिले. त्याने वरचं झाकण काढलं, हाताने इंजिन फिरवलं आणि एकेक वॉल्व्ह किती दबतो ते पाहिलं. बाकीचे सगळे सारखे, आणि एक मात्र अर्धवटच हलत होता. तेल काढलं तर त्यात बारीक चमक, बांगडीचा चुरा पडावा तशी. मग त्याने मला कागदावर अंड्याचा आकार काढून दाखवला: कॅमशाफ्टवर असे उंचवटे असतात, ते फिरत फिरत वॉल्व्हना वर उचलतात, आणि आपल्या गाडीतला एक उंचवटा घासून चपटा झाला आहे. म्हणून वॉल्व्ह पुरता उघडत नाही, म्हणून घाटात दम नाही, म्हणून कितीही जुळवलं तरी टिकटिक परत येते. चंपत, एवढं वाचून तू मान हलवत असशील. म्हणजे रोग सापडला, मी तुला तो विचारायला हे पत्र लिहीत नव्हते.

पण उघडायच्या आधी जे झालं ते सांगायचं राहिलं. खुशालने इंजिन चालू ठेवलं आणि लांब स्क्रूड्रायव्हर ह्यांच्या हातात दिला. तुम्ही लोक त्याचं टोक इंजिनावर टेकवता आणि मूठ कानाला लावता ना, कुठून आवाज येतो ते ऐकायला. ह्यांनी टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली. इकडेतिकडे पाहिलं, आणि मूठ दातांत धरली. घट्ट चावली, डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा बदलला आणि बरोब्बर त्याच जागेवर बोट ठेवून म्हणाले, “इथं. इथंच बोलून राह्यलं.” खुशालने विचारलं, दातांत काऊन धरलं उस्ताद? तर म्हणाले, जुने लोक असंच पाहायचे. खुशालने माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे पाहिलं. त्या माणसाला कानांनी ऐकू येईना, म्हणून तो हाडांनी ऐकत होता, आणि आम्हा दोघांपासून लपवत होता. घरी येऊन मी पदर तोंडात कोंबून रडले.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. नवा कॅमशाफ्ट आदिलाबादला मिळाला नाही, म्हणून बुधवारच्या बसने तुझे भाऊजी तो घ्यायला तुझ्याकडे निजामाबादला येत आहेत. शाफ्ट आला की खुशाल गाडी जोडेल, टिकटिक जाईल, आणि हे पुन्हा गाठी भरून निर्मलच्या घाटाने निघतील. सगळ्या जगाला गाडी दुरुस्त व्हावीशी वाटते. मला ती जोडली जाण्याचीच धास्ती आहे. इंजिन उघडं पडलंय तोवर मला झोप लागते. कारण संक्रांतीच्या आदल्या दिवशी क्लीनर गावी गेला होता, म्हणून गाडी अंगणात मागे घेताना मी मागे उभी राहिले. भिंत जवळ आली तशी मी गाडीच्या मागच्या फाळक्यावर थाप मारली. क्लीनरची थाप पडली की थांबायचं, हे ह्यांच्या अंगात भिनलेलं आहे. गाडी थांबली नाही. मी दोन्ही हातांनी बडवलं, नाव घ्यायचं नसतं तरी नाव घेऊन ओरडले, “दौलतराव, थांबा!” गाडी येतच राहिली. मी कशी बाजूला झाले मला माहीत नाही. माझा पदर भिंत आणि फाळक्याच्या मध्ये चिमटून फाटला. भिंतीला टेकल्यावर गाडी थांबली. हे खाली उतरले आणि हसत म्हणाले, “लागली ना बरोबर?” मी पदर ओढून घेतला आणि हो म्हटलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ज्या माणसाने जन्मभर इंजिनाच्या आवाजावर घर चालवलं, त्याला हे त्याच्या बायकोने कसं सांगावं? दुसऱ्या दिवशी मीच खुशालच्या मागे लागले की आता इंजिन उघडच, निदान चाकं तरी थांबतील. तर चंपत, शाफ्ट मिळाला तरी मिळाला नाही म्हण. हैदराबादहून मागवलाय म्हण, काहीही म्हण, आणि तेवढ्यात त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने. तू शिष्य, तू मेहुणा, तुझं ते ऐकतील. औषधाने बरं व्हावं म्हणून मी देवाला नवस बोलले आहे, आणि नसेल होणार तर तूच त्यांना स्टिअरिंग सोडायला सांग, माझ्या तोंडून ते होणार नाही. बुधवारी स्टँडवर तू स्वतः जा, आणि रस्ता ओलांडताना त्यांचा हात धर. मागून गाडी आली तर त्यांना कळणार नाही.

तुझीच, वाट पाहणारी ताई,
द्वारका