एका बटणाचं अ‍ॅप

चि. टिंगू यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. (सहा फूट झालास तरी टिंगूच.) तुझी पाठ आता कशी आहे? खुर्चीत वाकून बसू नकोस. इकडे सगळं ठीक. तुझ्या आतोबांचा गुडघा कुरकुरतो, पण ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आपल्या लाँड्रीसमोर ती काचेच्या भिंतींची नवी लाँड्री आली, हे तुला ठाऊक आहेच. तिथे कपडे झाले की गिऱ्हाइकाचा फोन वाजतो म्हणे. बघता बघता आपली निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. जिच्या नवऱ्याच्या कॉलरी घासून माझी बोटं झिजली, ती डॉक्टरीणबाईसुद्धा! मला फार लागलं रे. दुकान जाईल या भीतीने झोप उडाली आणि मग मी हट्टालाच पेटले. वरच्या मजल्यावरच्या संगणकवाल्या भाडेकरूकडून अ‍ॅप करून घेतलं (त्याचे शर्ट वर्षभर फुकट). त्यात एकच बटण, ‘कपडे झाले’. मी दाबलं की गिऱ्हाइकाला कळतं. लाँड्रीला आणखी काय लागतं?

तुझ्या फोन कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅप स्टोअरने ते लगेच घेतलं. तुझ्या कंपनीच्या स्टोअरने मात्र परत पाठवलं, कारण काय, तर अ‍ॅप फारच कमी काम करतं. आणि उरलीसुरली गिऱ्हाइकं नेमकी तुमचेच फोन मिरवणारी! मी त्यात घड्याळ घातलं. नकार. हवामान घातलं. नकार. आतोबांचा इस्त्री करतानाचा फोटो घातला, तर या इसमाची संमती आहे का, अशी विचारणा. (लग्नाच्या वेळी तरी कोणी विचारलं होतं, असं हे म्हणाले.)

शेवटी म्हटलं, समोरासमोर बोलू. स्टोअर म्हणजे दुकान, आणि दुकान म्हटलं की मालक आलाच. तडक तुमच्या शोरूममध्ये गेले आणि माझ्या अ‍ॅपसाठी दाराजवळची एक फळी मागितली. टायवाले गृहस्थ म्हणाले, स्टोअर इथे नसतं, फोनच्या आत असतं. मग बाहेर एवढी मोठी पाटी कशाला, असं विचारल्यावर त्यांनी मला दारच दाखवलं. मी रस्ता ओलांडला, दुसऱ्या कंपनीच्या शोरूममधून त्यांची एक रिकामी पिशवी मागून घेतली आणि ती मांडीवर ठेवून पुन्हा तुमच्याकडे येऊन बसले. काय चमत्कार सांगू! थंड पाणी आलं, पाठोपाठ मॅनेजर आले, आणि आमच्या स्टोअरमध्ये त्यांच्यापेक्षा किती जास्त अ‍ॅप आहेत ते ऐकवायला लागले. मी म्हटलं, “एवढी लाखो मावली, तर माझ्या एकाचीच अडचण होते होय?” त्यांनी आणखी एक ग्लास पाणी मागवलं. शटर ओढायला लागले तेव्हा कुठे मी उठले. उद्या पुन्हा जाणार आहे. पिशवी जपून ठेवली आहे.

अ‍ॅप मंजूर करणाऱ्या खात्यात माझा सख्खा भाचा बसतो, हे मी तिथे चुकूनही बोलले नाही. आपल्याला वशिला नको. माझं मी बघून घेईन.

तुझी,
आत्या

ता. क. : वशिला नको म्हणजे नकोच. फक्त माझा अर्ज खाली कुठे दबला असेल तर वर काढून ठेव.

ता. क. २ : तुझा लग्नाचा कोट पोचला. डाग निघाला का, कोट तयार झाला का, हे विचारायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आता दुकानाचा नियम सगळ्यांना सारखा. कपडे झाले की मी बटण दाबते, गिऱ्हाइकाला अ‍ॅपवर कळतं, मग त्याने घेऊन जायचं. तुझा फोन तुमच्याच कंपनीचा आहे ना? लग्न रविवारी आहे.