बुधवारच्या रांगेसाठी एक पकड

केप कोस्ट,
गुरुवार, दुपार

प्रिय स्कोलाताई,

तुझ्या धाकट्या मावसबहिणीचा, अराबाचा, नमस्कार आणि गालाला एक पापा. तामालेचं ऊन, तुझे गुडघे आणि तुझ्या शाळेतल्या मुली, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे. तुझी आई जेवते, झोपते आणि मधल्या वेळात माझ्याशी भांडते, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

ताई, एक गोष्ट सांगायची आहे आणि आनंदाने मला खुर्चीत धड बसवत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर कोलंबांनी जिच्या भूमितीच्या वहीवर "देव हिचं भलं करो" एवढाच शेरा लिहिला होता, त्या मी कॉम्प्युटरवर एक वस्तू काढली, आणि ती वस्तू खरी झाली!

मावशीच्या वॉकरची पुढची दांडी ज्या प्लास्टिकच्या पकडीने पायाला जोडलेली असते, ती पकड तुटली हे तुला ठाऊकच आहे. तशी पकड इथे मिळाली नाही, अक्रातही नाही. आणि सुगीचा रविवार तर तोंडावर आलेला. त्या दिवशी आपापल्या जन्मवाराच्या रांगेत नाचत वेदीपर्यंत दान घेऊन जायचं, आणि बुधवारवाल्यांच्या पुढे तुझी आई, हे आपण फ्रॉक घालत होतो तेव्हापासून चालत आलंय. (तेव्हा ती नाचताना तिच्या कापडाची सळसळ मागच्या बाकापर्यंत ऐकू यायची, आठवतं?) तू प्रेमाने चाकांची खुर्ची घेतलीस आणि तसं फोनवर सांगितलंस. तिने फोन ठेवला, केंकीचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला ढकलत नेणार? मी काय केळ्यांची गाडी आहे? त्यापेक्षा मी घरीच बसते." आणि ताई, ती खरोखरच घरी बसली असती. तुझी आई रागावली तर मला भीती वाटत नाही, पण त्यानंतर तिने सुगीचं कापड घडी करून पेटीच्या तळाशी ठेवून दिलं.

म्हणून मी पोस्टामागच्या त्या खोलीत गेले, जिथे प्लास्टिकच्या वस्तू छापणारं यंत्र आहे. तिथली न्हिरा नावाची मुलगी (आपल्या भाच्यांहून लहान, पण केसांची वेणीफणी काय सुरेख!) म्हणाली, "आंटी, छापायचं काम यंत्राचं, पण काढायचं तुम्हीच. मी शिकवते." पद्धत अशी. वॉकरचा पाय तिने मापं घेऊन आधीच पडद्यावर उभा केला होता. त्यावर एक पारदर्शक कागद धरल्यासारखं करायचं आणि 'प्रोजेक्ट' म्हणायचं, की पायाची गोल कड त्या कागदावर जांभळ्या रेघेत उमटते. वेदीचं कापड कॉन्व्हेंटच्या खिडकीच्या काचेवर धरून आपण नक्षी उतरवायचो, मागे समुद्राचा उजेड, अगदी तसंच! मला रडूच आलं. न्हिराला वाटलं पडदा डोळ्यांना टोचतोय, तिने बिचारीने उजेड कमी केला.

त्या जांभळ्या कडेला धरून आपल्या रेघा काढायच्या आणि शेवटची रेघ पहिलीला नेऊन भिडवायची. आकार बंद झाला की आतली जागा आपोआप फिकट निळी होते. मगच ती वर ओढून जाड करता येते, त्याची वस्तू होते. माझी जागा पांढरीच्या पांढरी राहायची. रोज. डोळ्यांना सगळं बंद दिसायचं, पण न्हिराने कोपरा मोठा करून दाखवला की तिथे फट! देवळाचं दार असावं एवढी. मी पुसायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा फट.

कारण न्हिराला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, पण सांगणार कशी? उजव्या हाताने माउस स्थिर धरून रेघेच्या लांबीचा आकडा डाव्या हाताने कीबोर्डवर टाकायचा असतो. आता लोकांसमोर मी डावा हात पुढे करणार? मी माउस सोडायचे, उजव्यानेच आकडा टाकायचे. तेवढ्यात माउस सरकायचा, रेघ केसभर तिरकी व्हायची आणि टोक कोपऱ्याच्या शेजारी पडायचं. आणि वडीलधाऱ्या बाईला "डावा हात वापरा" म्हणायला न्हिराची जीभ उचलेना. दोघी सभ्यपणाने एकमेकींकडे बघून हसायचो आणि फट तशीच.

काल मावशी स्वतः टॅक्सी करून आली. (वॉकर परक्यांच्या ताब्यात राहिलेला तिला आवडत नव्हता.) थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अराबा, तुझा डावा हात मेलाय का?"

मी म्हटलं, "मावशी, तुमच्यासमोर कसा वापरू? तुम्हीच तर चापट मारायचात."

"तेव्हा मारली, आता सोडते. आणि तू गं पोरी, तुझं तोंड शिवलंय का? ही चुकतेय हे दिसत नव्हतं?"

न्हिरा खाली बघत म्हणाली, "दिसत होतं, आजी. पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं?"

"धन्य आहात दोघी! मी भिंतीकडे तोंड करते. मी काही बघत नाही. कर लवकर, माझा रविवार चाललाय."

आणि ती खरंच वळून बसली. मी येशूचं नाव घेतलं, डाव्या हाताने आकडा टाकला, आणि ताई, निळं! सगळंच्या सगळं निळं! मी ओरडले, न्हिरा ओरडली, बाहेरची मासे तळणारी झारा घेऊन आत धावली. मावशी भिंतीला विचारत होती, "झालं? वळू का?"

पकड कालच छापून बसवली. घट्ट आहे.

तुझीच,
अराबा

ता. क. खरं मागणं आता लिहिते. चालताना ती अजून डोलते. तिच्या मागे कोणीतरी हवं, पण बुधवारच्या रांगेत मी मंगळवारची कशी शिरणार? तू बुधवारची आहेस. शाळेची सभा सोड आणि शनिवारच्या बसने ये. मागे राहा, पण ती पडेपर्यंत हात पुढे करू नकोस. ती स्वतः तुला बोलावणार नाही, आणि मी लिहिलं हे तिला कळता कामा नये.

ता. ता. क. कळलं. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, मी पडणार नाही असं लिही, आणि शिया बटर आणायला सांग. कधीपासून उभी आहात, असं विचारलं तर म्हणाली, "'प्रिय स्कोलाताई'पासून."