सूतभर कमी

प्रिय पोरी,

तू पाठवलेली गाडी खाली उभी आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवतोय. वाजवू दे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, घाईत आणखी बिघडेल. लावून वाच.

काचवाल्याबद्दल तुला कुणीतरी कळवलंच असेल. तोफगोळे पडायला लागले तेव्हा स्वयंपाकघराची काच पहिल्याच हादऱ्यात गेली. हा बसवायला आला. काच मापाला सूतभर कमी, कडेला फट. दुसरी आणली, तीही सूतभर कमी. मी म्हटलं, केस पिकले तरी पट्टी धरता येत नाही का? मान खाली घालून हसला आणि तिसऱ्यांदा आला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर काच कापणाऱ्याचा हात दर वेळी तेवढाच कसा चुकेल? वरची मावशी जिना उतरता उतरता म्हणाली, बाई गं, सूत कमी पडलं म्हणून तर सूत जुळलं! मी तिला फटकारलं आणि आत येऊन एकटीच हसले. तुझे बाबा गेल्यापासून हसायचं राहूनच गेलं होतं. पुढे तो इथेच राहिला.

लोक काय म्हणतील, हे मला लिहू नकोस. गल्लीत लोक उरलेत कुठे? मावशीही गेली, पाण्याच्या रांगेत, हातात रिकामी बादली घेऊन. तिला उचलायला आम्ही दोघंच होतो.

गेल्या आठवड्यात तो दवाखान्याच्या खिडक्या बसवत होता आणि समोर गोळा पडला. सगळ्या काचा तोंडावर. जीव वाचला, डोळे गेले. तपासणी नाक्यावरून फक्त बायका-पोरांना सोडतात, त्याला सोडणार नाहीत. भिंतीकडे तोंड करून सारखा म्हणतो, जा, माझ्यापायी मरू नकोस. मी म्हटलं, गप्प पड. त्याला घोटभर पाणी द्यायला दुसरं कुणी नाही. म्हणून मी येत नाही. माझ्या जागेवर खालच्या मजल्यावरची बाळंतीण बसवली आहे, तान्ह्यासकट. उतरवून घे, आधी खायला घाल, चौकशा मागाहून. ड्रायव्हर म्हणतो, उद्यापासून रस्ता बंद. म्हणजे तुला पुन्हा गाडी पाठवायची सोय नाही आणि मला मन बदलायची. बरंच झालं.

तुझीच,
हट्टी आई