बाबांचे मासे कोण खातं

५ सप्टेंबर

शी! हाताचा वास जाता जात नाही. तीनदा साबण लावला.

आज बाबांनी सहा मासे आणून दिले. नेहमीसारखेच — कल्ल्यांतून ओली काडी ओवलेली, काडीच्या टोकाला लाल लोकरीचा धागा. "मोठे आहेत पोरी, डोकी उकड," म्हणाले. मी हसले, चहा दिला. ते गेल्यावर सगळे काळ्या पिशवीत भरले आणि दुकानात कामाला जाता जाता उकिरड्यावर टाकून आले. नदीला डांबराचा वास यायला लागल्यापासून, दोन वर्षं हेच चाललंय. दिलेला मासा टाकायचा नसतो, पाण्याला कळतं, मग जाळं रिकामं येतं — हे मला लहानपणी याच माणसानं शिकवलं. माझी मलाच किळस येते.

८ सप्टेंबर

उकिरड्यावर फिलोमेन आत्या भेटली. तिच्या हातातही काळी पिशवी! दोघी एकमेकींकडे बघत उभ्या.

"तू काय टाकायला आलीस?" आत्या.

"तू जे टाकायला आलीस तेच."

मग तिनं सगळं सांगितलं. शेजारचा बोनिफास टाकतो. नदीकाठची अकराच्या अकरा घरं टाकतात. नाही कोणीच म्हणत नाही, कारण म्हाताऱ्या माणसानं दिलेला मासा नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. पुढ्यात गोड बोलायचं आणि पाठ वळली की पिशवीत. उकिरड्यावरचे डोमकावळे तेवढे गुटगुटीत झालेत.

म्हणजे गावात बाबांचे मासे एकटे बाबाच खातात. दोन्ही वेळा. सगळे खातायत या भरवशावर! उन्हाळ्यापासून त्यांचा सदरा खांद्यावरून नुसता लोंबतोय.

सांगायला हवं. पण सांगितलं की ते जाळं गुंडाळून ठेवतील. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आई गेल्यापासून त्यांना जाळ्याशिवाय दुसरं आहे काय? महिनाभरही टिकायचे नाहीत. आणि नाही सांगितलं तर ते मासेच त्यांना खातील. इकडे आड, तिकडे विहीर.

१२ सप्टेंबर

कंपनीची सभा. नदीच्या वरच्या अंगाला डांबर काढायला वाळू उपसणाऱ्यांची. शहरातून एक पोरगी आली होती, पडद्यावर रंगीत रेघा दाखवत होती. मासे म्हणे 'मर्यादेत' आहेत. खुशाल खा — फक्त काळीज खाऊ नका, पोटुशीला देऊ नका, पोरांना देऊ नका, आठवड्यातून एकदाच खा. मग खुशाल खायचं कोणी, कावळ्यांनी?

बाबा उठले. मला वाटलं, आता बोलतात. तर त्या पोरीला विचारतात, जाताना दोन मासे बांधून देऊ का? ती म्हणाली, विमानात सामान जास्त होतं. लगेच! विचारसुद्धा करावा लागला नाही तिला. बाबा मान हलवून खाली बसले.

शेवटी कोंबडीचं जेवण आणि प्रत्येकाला कंपनीच्या नावाची टोपी. टोप्या घालायलाच आले होते ते. बोनिफासनं तीन घेतल्या. त्यांचा ट्रक चालवतो, बोलणार कुठल्या तोंडानं? आणि मी कोण मोठी लागून गेले? मीही कोंबडीचे दोन तुकडे खाल्ले. बोटं चाटली.

१३ सप्टेंबर

वारा वरच्या अंगाचा. चहालाही डांबराचा वास.

१९ सप्टेंबर

सांगायचंच म्हणून बाबांच्या मासळीच्या खोपटाकडे गेले. ते मागे पाठमोरे बसून मासे निवडत होते. जवळ गेले तर, "तिकडेच बस, कपडे खराब होतील." माझ्या कपड्यांची काळजी कधीपासून?

म्हटलं, बाबा, वाळलात. मासे जरा कमी खा.

"मी नाही खायचं आणि लोकांना द्यायचं? असं असतं का, पोरी?"

परत आले. येताना चार मासे हातात. पुन्हा काळी पिशवी. पुन्हा साबण.

२४ सप्टेंबर

व्हायचं ते झालं!

बोनिफासची नवी सून ओदिल, येऊन तीनच आठवडे झालेत. वरच्या तळ्याकडच्या गावची, चांगल्या वळणाची पोर. सासऱ्यानं तिच्या हाती पिशवी दिली, टाकून ये म्हणाला. तिनं उघडून बघितलं — ताजे मासे! चुकून म्हणाला असेल, असं वाटलं तिला. रीतच आहे ना, चांगलं काही हाती आलं की आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला द्यायचं. ती थेट बाबांच्या दारात.

मी तिथेच होते. चार मासे. ओली काडी. लाल धागा.

बाबांनी दोन्ही हातांनी घेतले. तिला बसवलं, चहा दिला, रोटी दिली, तिच्या गावच्या माणसांची चौकशी केली. पोर खुशीत गेली. बिचारी! मग बाबांनी काडीवरचा धागा सोडवून बोटांत धरला.

"कोण कोण खातं?"

"कोणी नाही."

"तू?"

"नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, अंधार पडायच्या आत घरी जा.

२५ सप्टेंबर

जाळं पाण्यातच आहे. उचलायला गेले नाहीत.

२७ सप्टेंबर

बाबा अंथरुणावर पडून. म्हणाले, खोपटात माझ्या खाण्याच्या माशांचा खोका आहे, तो तेवढा नदीत सोड.

खोका उघडला. एकही धड नाही. कुणाच्या अंगावर लाल फोड, कुणाचा कणा वाकडा, एकाला डोळाच नाही. खोका घेऊन तशीच बाबांपुढे गेले.

"टाकायचे तर नसतात, पोरी," बाबा म्हणाले. "म्हणून डागी मी खात होतो. चांगले तेवढे निवडून तुम्हाला."